सुहूर सनाचीं पत्रें व सूचींतील क्रम

जुन्या कागदांच्या सूची अलीकडे संगणकावर होऊं लागल्या आहेत. शोधण्याचें काम त्यामुळें सुलभ झालें, हें निर्विवाद. परंतु सूचीबरोबर कागदांचा क्रमहि यंत्राच्या स्वाधीन करण्याची जी चाल पडत आहे ती आम्हांस घातक वाटते.

यंत्र शब्द अकारविल्हे लावितें. सुहूर सनाचे आंकडे अरबी शब्दांनीं लिहिलेले असल्यामुळें त्याच्या लेखीं पहिला अर्बा म्हणजे चार, मग इसन्ने म्हणजे दोन, त्यामागें इहिदे म्हणजे एक. ही चूक जाणत्याच्या तेव्हांच ध्यानांत येते. खरी अडचण महिन्यांची आहे. सुहूर सन सौर. तो मृगास, जूनच्या पहिल्या आठवड्यांत पालटतो. महिने मात्र हिजरी म्हणजे चांद्र. दर वर्षीं मृग महिन्याच्या निराळ्याच दिवशीं पडतो, म्हणून मोहरमापासून जिल्हेजपर्यंतचा ठराविक क्रम येथें चालत नाहीं. शिवाय सौर वर्ष चांद्र वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं मोठें असल्यानें कांहीं तारखा एकाच सनांत दोनदां येतात.

इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, हाच सन घ्या. तो सवालच्या उत्तरार्धांत सुरू झाला, आणि पुढच्या सवालचा बहुतेक भागहि त्यांतच पडला. तेव्हां ‘छ २५ सवाल’ एवढीच मिति असलेलें त्या सनाचें पत्र १७६० च्या जूनांतील १० तारखेच्या सुमाराचें असेल, किंवा १७६१ च्या मेअखेरचें. पहिल्या वेळीं भाऊसाहेब उत्तरेच्या वाटेवर असून दिल्ली हातीं यावयाची होती. दुसऱ्या वेळीं पानिपत होऊन साडेचार महिने लोटले होते. यंत्र दोन्ही पत्रें शेजारीं शेजारीं मांडून मोकळें होतें!

यास्तव मितीचीं मूळ अक्षरें जशींच्या तशीं एका रकान्यांत, जंत्रीवरून काढलेली इंग्रजी तारीख दुसऱ्यांत, आणि तिसऱ्यांत केवळ क्रमांक ठेवावा. सूची या क्रमांकावरच लावावी. क्रमांक १००, २००, ३०० असे अंतर राखून द्यावे, म्हणजे मागाहून सांपडलेलें पत्र १५० वर बसतें व बाकीचे आंकडे हलवावे लागत नाहींत. नुसता महिना कळतो तीं पत्रें त्या महिन्याच्या शेवटीं, नुसता सन कळतो तीं सनाच्या शेवटीं घालावीं. कोणी तीं आरंभीं घालतात. पण तेथें तीं सर्वांत आधींचीं असल्याचा भास होतो. दोन तारखा संभवत असल्यास मजकुरावरून एक पत्करून दुसरी शेऱ्यांत नोंदावी.

रुमालांतील मूळ जागा हा चौथा रकाना, आणि तो कधींहि गाळूं नये. बिनतारखी पत्राचा काळ पुष्कळदां त्याच्या शेजारच्या कागदांवरूनच ठरवावा लागतो. आमच्या पाहण्यांतील एका खासगी संग्रहांत नवी सूची होतांच कागदहि तिच्याप्रमाणें लावून रुमाल पुनः बांधण्यांत आले, व जुन्या जागांची नोंद कोणीं ठेविली नाहीं. तेथील बिनतारखी पत्रांचा कालनिर्णय आतां कशाच्या आधारें करावा, हें आम्हांस सुचत नाहीं.