हातचा गडी की उद्याचा गडी?

झाशी म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती राणी लक्ष्मीबाई. परंतु त्या शहराला आणखी एक अभिमान आहे, आणि तो हॉकीचा. इलाइट चौराहा हा तेथील सर्वांत गजबजलेल्या चौकांपैकी एक. तेथे उभ्या असलेल्या कोणालाही हीरोज मैदानाची वाट विचारावी. ती ध्यानचंदांपाशी जाऊन पोहोचते. १९७९ च्या डिसेंबरात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते त्याच मैदानावर. 'झाशी हीरोज' हे ज्या संघाचे नाव, त्या संघाच्या इतिहासात आज विचारात घ्यावयाच्या एका प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

प्रश्न असा : संघाने आपले उद्याचे खेळाडू देऊन आजचे कसलेले खेळाडू घ्यावेत काय?

हा प्रश्न सर्वांत रोखठोक स्वरूपात पाहावयास मिळतो तो अमेरिकेत. तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ आहे. १९३६ पासून तेथे एक प्रथा चालत आली आहे. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे होतकरू खेळाडू व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने निवडावयाचे, आणि गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली पाळी द्यावयाची. दुबळ्याला सावरण्याची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू. या पाळीला 'ड्राफ्ट'मधील निवडहक्क म्हणतात. गंमत अशी की, हा हक्क दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडील तयार खेळाडू घेता येतो. अद्याप न उगवलेले पीक गहाण टाकून बाजारातून धान्य आणण्यासारखाच हा व्यवहार होय.

त्यातील मोह समजण्याजोगा आहे. होतकरू खेळाडूविषयी खात्री देता येत नाही. महाविद्यालयात गाजलेला तरुण पुढे फिका पडतो, तर कोणाच्या खिजगणतीत नसलेला नावारूपास येतो. कसलेल्या खेळाडूचे मोल मात्र डोळ्यांसमोर असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कसलेल्या खेळाडूची उरलेली वर्षे थोडी आणि त्याचे वेतन मोठे. तरुणाचे वेतन बेताचे आणि पुढील वर्षे पुष्कळ. म्हणजे एका बाजूस निश्चिती आहे पण मुदत नाही, आणि दुसऱ्या बाजूस मुदत आहे पण निश्चिती नाही.

१९७१ मध्ये जॉर्ज ॲलन वॉशिंग्टनच्या संघाचे प्रशिक्षक झाले. 'भविष्य म्हणजे आजच' हे त्यांचे धोरण. त्यांनी निवडहक्क मुक्तहस्ताने वाटून वयस्क खेळाडू जमविले. संघ तत्काळ सुधारला आणि १९७३ च्या जानेवारीत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे मायामीने त्याला १४-७ असे हरविले. ॲलन यांच्या सात हंगामांत संघ एकदाही पराभवांच्या बाजूला झुकला नाही, पण अजिंक्यपदही हाती आले नाही. पहिल्या फेरीतील नवा खेळाडू तर या संघाने १९६८ नंतर थेट १९८० मध्येच निवडला. हा दुष्काळ ॲलन यांच्या आधी सुरू झाला होता; त्यांनी तो लांबविला.

१९८९ मध्ये मिनेसोटाने हर्शेल वॉकर या नामांकित धावपटूसाठी डॅलसला पाच खेळाडू आणि अनेक निवडहक्क देऊ केले. आपल्याला आता एवढा एकच गडी कमी आहे, असा मिनेसोटाचा हिशेब होता. वॉकर थोड्याच हंगामांत तेथून गेला. डॅलसच्या संघाने १९८९ च्या हंगामात सोळांपैकी एकच सामना जिंकला होता; मिळालेल्या हक्कांच्या बळावर त्याने नवा संघ उभारला आणि १९९३, १९९४ व १९९६ मध्ये अजिंक्यपद पटकावले.

म्हणून हा व्यवहार नेहमीच आतबट्ट्याचा, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने पहिल्या फेरीचे दोन हक्क, तिसऱ्या फेरीचा एक आणि आपला एक खेळाडू देऊन मॅथ्यू स्टॅफर्डला आणले. २०२२ च्या फेब्रुवारीत तो संघ अजिंक्य ठरला. पुढच्याच हंगामात मात्र सतरांपैकी बारा सामने त्याने गमावले, आणि त्या घसरणीमुळे मोलाचा ठरलेला निवडहक्क डेट्रॉइटच्या हाती होता. आनंद आणि त्याची किंमत, दोन्ही खरी होती.

आता झाशीकडे वळू. आपल्याकडे असे हक्क नव्हते. पण संघातील जागा अकराच होत्या, आणि प्रत्येक जागा कसलेल्याला द्यावी की होतकरूला, हा प्रश्न तोच होता. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या बेटन चषकाच्या अंतिम सामन्यात झाशी हीरोजची गाठ कलकत्ता कस्टम्सशी पडली. कस्टम्सकडे नाणावलेले खेळाडू होते. झाशीचा संघ बहुतांशी कोवळ्या मुलांचा. त्यात ध्यानचंद, त्यांचे बंधू रूपसिंग आणि मुंबईच्या जी. आय. पी. रेल्वेत नोकरी करणारा इस्माईल एवढेच खरे तयार गडी. कस्टम्सचा दबाव वाढत असता ध्यानचंदांनी मैदानाच्या मध्यातून लांब चेंडू दिला, इस्माईल तो घेऊन अर्धे मैदान धावला आणि त्याने सामन्यातील एकमेव गोल केला. ध्यानचंद पुढे हाच आपला सर्वोत्तम सामना मानीत.

यावरून तरुणांनाच घ्यावे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. इस्माईलच्या पायांना ध्यानचंदांची दृष्टी लाभली नसती तर तो गोल झालाच नसता. पण अकराही जागा गाजलेल्या नावांनी भरल्या असत्या, तर त्या मुलांना असा सामना खेळावयास कधी मिळाला असता?

तीन वर्षांनी याची दुसरी बाजू दिसली. १९३६ मध्ये बर्लिनला पोहोचताच भारतीय संघ जर्मनीविरुद्धचा सराव सामना ४-१ असा हरला. कर्णधार ध्यानचंद यांनी सारा संघ मोडला नाही. 'इनसाइड राइट' या जागेचा दोष त्यांनी हेरला आणि दारा यांना मायदेशातून तारेने बोलावून घेतले. दारा विमानाने आले, उपांत्य सामन्यापासून खेळले, आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असे नमविले. त्या आठांपैकी दोन गोल दारांचे. दारा वयस्क नव्हते, पारखलेले होते. आणि उणीव कोठे आहे हे नेमके कळल्यावरच त्यांना पाचारण झाले.

कसलेला माणूस मैदानाबाहेर राहूनही उपयोगी पडतो, हे १९७५ मध्ये क्वालालंपूरला दिसले. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत मागे पडला असता अनुभवी मायकेल किंडो यांच्या जागी तरुण अस्लम शेर खान उतरले आणि त्यांनी बरोबरीचा गोल केला. व्यवस्थापक होते तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीरसिंग. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला तो ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी.

या साऱ्यातून एक कसोटी हाती लागते. अनुभवी खेळाडू घर पुरे करतो; घराचा पाया घालीत नाही. संघ खरोखर शिखराच्या एका पावलावर असेल, उणीव नेमकी सांगता येत असेल आणि येणारा गडी त्याच जागी बसणारा असेल, तर उद्याचा काही भाग खर्ची घालणे शहाणपणाचे आहे. संघ तळाशी असेल, तर तेच पाऊल उधळपट्टीचे ठरते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : उद्या विकण्याचा निर्णय घेणारा कार्यवाह किंवा प्रशिक्षक त्याची किंमत भरावयास पुष्कळदा जागेवर नसतो. ती भरतात मागून येणारी मुले.

गावोगावच्या स्पर्धांत करंडकासाठी बाहेरून पाहुणे खेळाडू आणले जातात, आणि वर्षभर पहाटे सराव केलेली गावची मुले कडेला बसून राहतात. करंडक कपाटात जातो. ती मुले दुसऱ्या वर्षी मैदानावर येत नाहीत. पाहुणा बोलावण्यापूर्वी मंडळाच्या चालकांनी स्वतःला एवढेच विचारावे, की कडेला बसलेल्या त्या मुलांत एखादा इस्माईल तर नाही ना?