शासकीय सेवेतील समान संधी आणि प्राथमिक शाळा

शासनाचे कार्यालय कोणा एका वर्गाचे नसते. ते साऱ्या जनतेचे असते. तलाठ्याच्या चावडीपासून मंत्रालयापर्यंत चालणाऱ्या कामकाजात समाजाच्या सर्व थरांतील माणसे असावीत, ही अपेक्षा म्हणूनच योग्य होय. तिला दोन अंगे आहेत. पहिले न्यायाचे : अंगी पात्रता असता केवळ जन्मामुळे कोणास दार बंद होऊ नये. दुसरे कार्यक्षमतेचे : ज्या कचेरीत कोरकू समजणारा एकही कर्मचारी नाही, तेथे मेळघाटातील अर्जदाराची अडचण अर्धीच ऐकली जाते, जेथे स्त्री कर्मचारी नाही, तेथे स्त्रिया तक्रार घेऊन जाण्यास कचरतात. सेवेत विविध थरांतील माणसे घेणे हा कोणावर केलेला उपकार नव्हे. चांगल्या कारभाराची ती गरज आहे.

करवीरचा आदेश

या विचाराला आपल्या प्रदेशात मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ साली करवीर संस्थानचा कारभार हाती घेतला, तेव्हा वरिष्ठ अधिकारपदे बहुतांशी एकाच जातीच्या हाती होती. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या गॅझेटात त्यांचा आदेश प्रसिद्ध झाला. त्यानुसार यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्यावयाच्या होत्या. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण त्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, असेही त्यात सांगितले होते.

या आदेशातील एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे त्रैमासिक विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावयाचे होते. सदिच्छा केवळ कागदावर राहू नये, यासाठी तिच्या तपासणीची सोयही आदेशातच केलेली होती.

परंतु जागा राखून ठेवल्या तरी त्यांवर बसण्याजोगे शिकलेले उमेदवार हवेत, ही गोष्ट महाराजांनी अचूक ओळखली होती. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघू लागली, ती त्यांच्या आश्रयामुळेच. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त होऊन पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू झाली, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांसाठी असलेल्या शाळांत घेण्याचा आदेश निघाला. नोकरीचा आदेश आणि शाळेचा आदेश ही एकाच धोरणाची दोन टोके होती. पहिले टोक दुसऱ्यावाचून निष्फळ ठरले असते.

संविधानातील तरतूद

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारताच्या संविधानाने हे तत्त्व सर्व देशासाठी स्वीकारले. अनुच्छेद १६ अन्वये राज्याच्या सेवेत सर्व नागरिकांना समान संधी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणांवरून कोणासही अपात्र ठरविता येत नाही. ज्या मागास वर्गांना सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याचा अधिकारही याच अनुच्छेदाने राज्यास दिला आहे. दिव्यांगांसाठी २०१६ च्या अधिनियमाने शासकीय पदांत किमान ४ टक्के आरक्षणाची तरतूद केली आहे.

तथापि संविधानात अक्षरे उमटली म्हणजे जुन्या समजुती लगेच मावळतात, असे नव्हे. परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची लेखी अनुमती घ्यावी, असा नियम संविधानानंतरही कित्येक वर्षे टिकून होता. पुरुष अधिकाऱ्यावर असे बंधन नव्हते. या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९७९ साली निकाल देताना न्यायालयाने अशा नियमांतील पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले आणि स्त्रियांना जाचक ठरणारे सेवानियम तपासून काढून टाकण्याची आवश्यकता सांगितली.

शाळेतील नोंदवहीचे महत्त्व

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न उद्भवेल. संबंध अगदी निकटचा आहे, आणि तो शाळेच्या जनरल रजिस्टरपासून सुरू होतो. राखीव जागेचा लाभ घेण्यासाठी उमेदवारास जातीचे प्रमाणपत्र लागते व पुढे पडताळणी समितीकडून त्याची वैधता सिद्ध करावी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात मानीव दिनांक ठरलेले आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या दिनांकांपूर्वीच्या कागदपत्रांना पडताळणीत मोठे वजन असते. पुष्कळ गरीब कुटुंबांजवळ ना सातबारा असतो, ना खरेदीखत. आजोबा वा पणजोबा कधीकाळी शाळेत दाखल झाले होते, ती एक ओळ हाच त्यांचा आधार असतो.

यास्तव जुनी रजिस्टरे वाळवी, ओल व उंदीर यांपासून जपणे हे केवळ दप्तरी काम नव्हे. रजिस्टराचे एक पान फाटले तर एखाद्या घराण्याचा पुरावा कायमचा नाहीसा होतो. नवीन प्रवेशाच्या वेळीही मुलाचे पूर्ण नाव, जन्मदिनांक व जात यांची नोंद कागदपत्रे पाहून, सुवाच्य अक्षरांत करावी. अंदाजाने लिहिलेली तारीख किंवा पोटजातीचे चुकीचे नाव वीस वर्षांनी उमेदवाराच्या वाटेत आडवे येते. झालेली चूक परस्पर खाडाखोड करून सुधारू नये. विहित रीतीने मंजुरी घेऊनच दुरुस्ती करावी.

वर्गातील आचरण

समान संधीचा पहिला अनुभव मूल कचेरीत नव्हे, वर्गात घेते. झाडलोट नेहमी मुलींकडे आणि वर्गनायकपद नेहमी मुलाकडे, असे होत असेल, तर नागरिकशास्त्राचा धडा कितीही चांगला शिकविला तरी तो व्यर्थ होय. अशी कामे पाळीने सर्वांकडे द्यावीत. ज्या मुलाची घरची बोली वेगळी आहे, त्याच्या उच्चारास हसू देऊ नये. प्रथम त्यास बोलते करावे, प्रमाण भाषा मागाहून येते. ऊसतोडीच्या हंगामात पालकांसह स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी हंगामापूर्वीच करावी आणि ती गावीच राहून शिकू शकतील काय, याचा पालकांशी विचार करावा. शिष्यवृत्ती परीक्षा व नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा यांची माहिती मोजक्या हुशार मुलांपुरती न ठेवता सर्व पालकांना सभेत सांगावी. नवोदय विद्यालयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

जी मुलगी पाचवीत शाळा सोडते, तिचा नोकरीचा अर्ज कोणत्याही कचेरीत कधीच पोहोचत नाही. तिला कोणी नाकारले, अशी नोंदही कोठे होत नाही. अशी गळती शिक्षकाच्या हजेरीपत्रकात मात्र प्रथम दिसते. म्हणून सतत गैरहजर राहणाऱ्या मुलामुलींच्या घरी आठवड्याच्या आत एक फेरी घालावी आणि अनुपस्थितीचे कारण लिहून ठेवावे.