गटार आपले आपण कसे साफ राहते?

एका थाळीत चिमूटभर वाळू पसरा. थाळी किंचित कलती धरून वरच्या काठावरून पाण्याची बारीक धार सोडा. पाणी निघून जाईल, पण बरीचशी वाळू मागे राहील. आता थाळी अधिक कलती करा. पाण्याचा वेग वाढेल आणि वाळूही वाहून जाईल. शहराखालच्या भुयारी गटाराचे मूळ तत्त्व हेच आहे.

घराघरांतील सांडपाणी गटारात गुरुत्वाकर्षणाच्या बळावर वाहते. दिवसातून एकदा तरी, म्हणजे सकाळच्या गर्दीच्या वेळी, त्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर व्हावा लागतो. मग तळाशी बसलेली माती व मैला वाहून जातो. १५० मिलिमीटर व्यासाचा नळ भरून वाहत असता एवढ्या वेगासाठी सुमारे २०० मीटर लांबीला १ मीटर उतार लागतो. मोठ्या नळात पाण्याच्या मानाने भिंतीचे घर्षण कमी असते, म्हणून त्याला कमी उतार पुरतो. उतरता उतरता गटार फार खोल गेले, की उदंचन केंद्रातील पंप पाणी पुन्हा वर उचलतात.

पण चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा थिजलेले तेल वाटेत अडले, तर? वेग मंदावतो आणि गाळ साचतो. गाळात प्राणवायू पोचत नाही. तेथील जीवाणू सांडपाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हवेच्या दहा हजार भागांत या वायूचा एक भाग झाला, की थोड्याच वेळात नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे मुळीच नाही! हा वायू हवेच्या सुमारे १.२ पट जड असल्याने मॅनहोलच्या तळाशी साचू शकतो. प्रमाण फार वाढले, तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला वाचवायला उतरणाऱ्याचीही तीच गत होते.

म्हणून तुंबलेले गटार यंत्रानेच साफ करावे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ सुटा करून तो पंपाने वर ओढून घेता येतो. संरक्षक साधने व खबरदारी यांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही असे मृत्यू आपल्या देशात अजून घडतात.

तेव्हा कढईतले उरलेले तेल मोरीत ओतण्यापूर्वी थाळीतील ती वाळू आठवा. ते तेल जेथे थिजेल, तेथे कोणाला तरी उतरावे लागू शकते.