चाळकेवाडीचे पठार

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रोखाने निघालेला रस्ता बोरण्याचा घाट चढून ठोसेघरच्या धबधब्यापाशी पोहोचला, की बहुतेक प्रवाशांची सहल तेथेच संपते. परंतु जो आणखी थोडा पुढे जाईल त्याला झाडी विरळ होत होत अकस्मात नाहीशी झालेली, पायाखाली जांभ्याचा काळसर-तांबूस कातळ उघडा पडलेला, आणि त्या कातळाच्या माथ्यावर, दृष्टी पोहोचेल तेथवर, पांढऱ्या पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या असलेल्या दिसतील. हे चाळकेवाडीचे पठार. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एका अंगाने परळीचे खोरे आणि दुसऱ्या अंगाने कोयनेकडे उतरत गेलेल्या डोंगररांगा यांच्या मधोमध ते पसरलेले आहे. अशा सपाट कातळमाथ्यांना या मुलखात सडा म्हणतात. पाटण तालुक्यातील वनकुसवड्याचे पठार आणि सडावाघापूर ही याच कुळातली स्थळे होत.

फेब्रुवारी ते मे या महिन्यांत जो हा सडा पाहील, त्याला येथे काहीच नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर, कोठे तर तोही नाही. सावलीला झाड नाही. वाळलेल्या गवताच्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये सुटे दगड विखुरलेले. परंतु जूनचा पाऊस कोसळू लागला, की याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठते, त्या पाण्याच्या कडेने गेंदाची पांढरी बोंडे डोलू लागतात, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले उमलतात, आणि भाद्रपदापर्यंत तेरडा आणि कवला यांनी सारे पठार व्यापून जाते. यांतल्या कित्येक वनस्पती सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर जगात कोठेही उगवत नाहीत. मातीची इतकी टंचाई, आठ महिन्यांचे ऊन आणि चार महिन्यांचा अविरत पूर सोसणारे जीव सहजासहजी निर्माण होत नाहीत. त्यांना घडवण्यासाठी निसर्गाने कालावधीही तसाच दीर्घ घेतला आहे.

प्राण्यांचेही तेच. सुट्या दगडांच्या आडोशाने राहणारी आणि रात्री जमिनीवर वावरणारी एक लहानशी पाल वरद गिरी आणि आरन बाऊर यांनी 2008 साली याच परिसरातून शास्त्राला प्रथम परिचित करून दिली, आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफले. त्यानंतर आठ वर्षांनी, 2016 मध्ये, गळ्याशी पंख्यासारखी झालर असणाऱ्या सरड्यांच्या नव्या जाती शास्त्रज्ञांनी वर्णिल्या; त्यांतील सर्वांत देखणी जात साताऱ्याच्या या पठारांवर नांदते. उन्हाळ्यात, विणीच्या हंगामात, या जातीचा नर एखाद्या उंचशा दगडावर चढून निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगांची ती झालर फुलवतो, मिटतो, पुन्हा फुलवतो. आणि ज्याने हे दृश्य एकदा पाहिले आहे, त्याला त्या उजाड कातळाविषयी पुन्हा कधी निर्जीव हा शब्द वापरवणार नाही.

सरकारी दप्तराची दृष्टी मात्र निराळी. जमाबंदीची पद्धत पिकावर उभारलेली असल्यामुळे, ज्या जमिनीतून धान्य येत नाही ती पोटखराबा किंवा पड, असा शेरा सातबाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या पडत आला. गवळी-धनगरांची गुरे जेथे पावसाळ्यात चरतात, ज्या कातळाच्या भेगांतून खालच्या गावांचे झरे पाणी घेतात, ती भूमी महसुलाच्या हिशेबी रिकामी ठरली. या एका शेऱ्याने पठाराचे जितके नुकसान केले, तितके वणव्यांनीही केले नसेल, असे मी पूर्ण विचाराअंती म्हणतो.

या डोंगरांची विजेशी ओळख तशी जुनी आहे. कोयनेचे पाणी अडवून ते पश्चिमेस पोफळीच्या बाजूला उतरवण्याची योजना 1950 च्या दशकात हाती घेण्यात आली, आणि तिची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत आज 1,960 मेगावॉटपर्यंत गेली आहे. शिवाजीसागराखाली गावे बुडाली, नदीकाठची झाडी बुडाली. परंतु काठावर उरलेल्या अरण्याला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2010 मध्ये ते चांदोलीच्या अरण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. कासच्या पठारालाही त्याच यादीत स्थान लाभले. चाळकेवाडीला ते लाभले नाही.

तिच्या वाट्याला वारा आला. अरबी समुद्रावरून आलेला नैर्ऋत्येचा मोसमी वारा कोकण ओलांडून घाटमाथ्यावर चढतो तेव्हा त्याचा वेग किती वाढतो, हे ज्यांनी पावसाळ्यात सडावाघापूरचा कडा पाहिला असेल त्यांना सांगावे लागणार नाही. कड्यावरून खाली पडणारा ओढा तेथे वाऱ्याच्या रेट्याने उलटा वर उडतो. विजेच्या कारखानदारीस हा वारा मोहात पाडणारा होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीस प्राप्तिकरातील घसाऱ्याची भरघोस सूट आणि राज्य शासनाच्या सवलती यांचे पाठबळ मिळाल्यावर पवनचक्क्या या पठारांवर झपाट्याने उभ्या राहिल्या, आणि हा टापू देशातील प्रमुख पवनऊर्जा क्षेत्रांत गणला जाऊ लागला. धूर नाही, राख नाही, कोळशाच्या खाणी नाहीत, बुडीत गावे नाहीत, हे पवनऊर्जेचे गुण खरे आहेत आणि त्यांचे मोल मी कमी मानीत नाही. हवामान ज्या वेगाने तापते आहे ते पाहता अशा विजेवाचून गत्यंतरही नाही.

तरीही पठारावर काय घडले, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. आणि ते पाहण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी आमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी केले. पवनचक्क्या येथे पंधरा-वीस वर्षे फिरत आल्यानंतर, जेथे त्या आहेत तो कातळ आणि तशाच जातीचा, परंतु पवनचक्क्यांविना राहिलेला शेजारचा कातळ, अशी तुलना त्यांनी केली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील निष्कर्ष असा, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी आढळतात. कापशी, तिसा यांसारखे जे पक्षी आकाशात स्थिर राहून किंवा घिरट्या घालून जमिनीवरचे भक्ष्य हेरतात, ते फिरत्या पात्यांचे आकाश टाळतात.

पवनचक्क्यांमुळे पक्ष्यांची हानी होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते, आणि पात्यांखाली पडलेल्या मृत पक्ष्यांची मोजदाद करून तो विषय संपवला जातो. या संशोधनाचे महत्त्व त्याच्या पुढे जाण्यात आहे. शिकारी पक्षी हटल्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले ते झालरवाले सरडे पवनचक्क्यांच्या भागात संख्येने वाढले. वरवर पाहता ही त्यांच्या भाग्याची गोष्ट. परंतु त्यांना हाताळून, त्यांचे रक्त तपासून, त्यांचे रंग मोजून पाहता निराळेच चित्र उमटले. भयाच्या प्रसंगी शरीरात स्रवणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक त्यांच्यात कमी प्रमाणात वाढत होते; माणूस जवळ येत असता ते बऱ्याच उशिरा पळत होते; आणि एकाच जागी दाटी झाल्यामुळे, अन्नाची चढाओढ वाढून, त्यांची अंगकाठी अधिक कृश झाली होती. ज्या निळ्या-नारिंगी रंगांच्या बळावर नर मादीला आकर्षितो आणि प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवतो, ते रंगही तेथे फिके आढळले. पवनचक्कीने सरड्याला स्पर्शही केलेला नाही. तरीही त्याचे रक्त, त्याची भीती आणि त्याचा रंग तिने बदलून टाकला. संशोधकांनी पवनचक्कीला त्या परिसंस्थेतील सर्वोच्च भक्षकाच्या स्थानी नेऊन बसवले आहे. सरडे वाढले म्हणजे ते खात असलेल्या कीटकांवर, आणि त्या कीटकांवर अवलंबून असलेल्या फुलांवर काय परिणाम होत असेल, हा पुढचा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात उभा राहील.

याखेरीज रस्ते आहेत. प्रत्येक पवनचक्कीपर्यंत अवजड यंत्रे नेण्यासाठी कातळावर मुरूम टाकून वाटा काढाव्या लागतात, पायासाठी जांभा फोडावा लागतो, सुटे दगड बाजूला सारावे लागतात. आणि ज्या पालीचे घरच दगडाखाली, तिला तो दगड हलवणे म्हणजे घर पाडणे होय. कातळावरच्या जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीच्या सड्यांवर ओढवलेल्या संकटांकडे वर्षानुवर्षे लक्ष वेधले आहे.

आणि तरीही कायद्याची स्थिती अशी आहे, की 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतील परिशिष्टात पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. धरण बांधायचे असेल, खाण खणायची असेल, तर आधी जनसुनावणी आणि अहवाल. सड्यावर पवनचक्क्यांची रांग उभारायची असेल, तर त्याची आवश्यकता नाही. ऊर्जा निर्मळ आहे म्हणून तिची जागाही आपोआप निर्दोष ठरते, हे गृहीतक चाळकेवाडीच्या कातळाने खोटे ठरवले आहे.

आज हा विषय काढण्याचे तातडीचे कारण आहे. येथील जुन्या, लहान क्षमतेच्या पवनचक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे, आणि त्या काढून त्यांच्या जागी थोड्या परंतु मोठ्या पवनचक्क्या बसवण्याचे धोरण केंद्र शासनाने 2016 मध्ये जाहीर करून 2023 मध्ये सुधारले आहे. म्हणजे एकदा चुकलेली जागेची निवड पुन्हा करण्याची संधी आपल्या हाती आली आहे. कोणत्या रांगा उतरवाव्यात, कोणता कातळ मोकळा सोडावा, शिकारी पक्ष्यांच्या वावराचे पट्टे कोणते, कोणते रस्ते बुजवून टाकावेत, याचा निर्णय जुने मनोरे उतरवण्यापूर्वी, जीवशास्त्रज्ञ आणि पठारावरचे गवळी-धनगर यांना बरोबर घेऊन शासनाने करावा. महसूल खात्याने सड्यांसाठी पोटखराब्याहून वेगळी, त्यांच्या खऱ्या स्वरूपाला साजेशी नोंद करावी. आणि पवनऊर्जा प्रकल्पांना मूल्यांकनाच्या कक्षेत आणावे. ही मागणी साताऱ्याच्या नागरिकांनी आपापल्या ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि लोकप्रतिनिधींपुढे आत्ताच मांडली पाहिजे, कारण नव्या मनोऱ्यांचे पाये एकदा कातळात रुतले, की पुढची पंचवीस वर्षे ते हलणार नाहीत.