गॅसचा बंब कुरकुरूं लागला म्हणजे

आठ-दहा माणसांचीं स्नानें सकाळच्या दोन तासांत उरकावयाचीं असत अशा घरांत बंबाचा मान देवघराच्या खालोखाल असे. पोटांत निखारे पडले कीं थोड्या वेळानें पाणी ‘सूं’ करूं लागे, आणि माजघरांतून तो आवाज ऐकूनच आजी पहिल्या स्नानाची हांक देत. आतां पुष्कळ घरांत तांब्याच्या बंबाची जागा गॅसच्या गीझरनें घेतली आहे. हा नवा बंब नाना प्रकारचे आवाज काढतो. परंतु त्यांतला निरुपद्रवी कोणता आणि घातक कोणता, हें सांगणारी आजी घरांत उरलेली नाहीं.

पाण्याच्या त्या गाण्याचें कारण मोठें गमतीचें आहे. तापलेल्या धातूला लागून वाफेचे बुडबुडे होतात. ते वरच्या थंड पाण्यांत शिरले कीं एकदम मिटतात, आणि त्या मिटण्याच्या असंख्य बारीक आघातांचा तो आवाज. सगळें पाणी उकळीस आलें म्हणजे बुडबुडे मिटत नाहींत, म्हणून गाणें उलट मंदावतें. बंबांत तें शुभ होतें. गीझरमध्यें मात्र पाणी नळींतून वाहतां वाहतां तापतें. तेथें वाफ होण्याचें कारण नाहीं. तरीही गुरगुर किंवा खडे हलविल्यासारखी खडखड ऐकूं आली, तर नळींत क्षारांचा थर बसला आहे असा संशय प्रथम घ्यावा. थरामुळें नळी अरुंद होते, पाणी अडतें आणि धातू नको तितका तापतो.

नवी मुंबईंतील दिघा हें ह्या दृष्टीनें पाहण्याजोगें ठिकाण आहे. येथील इलठणपाड्याचें धरण ब्रिटिश अमदानींत रेल्वेनें आपल्या गरजेसाठीं बांधिलें. वाफेच्या इंजिनाला नुसतें पाणी पुरत नाहीं, कमी क्षाराचें पाणी लागतें. बॉयलरच्या नळ्यांवर थर चढला तर त्या जळून निकामी होण्याचें भय असतें. वाफेचीं इंजिनें गेलीं, पण तोच प्रश्न लहान आकारांत आज येथल्या इमारतींच्या स्नानघरांत येऊन बसला आहे. धरणांत सांठलेलें पावसाचें पाणी निराळें, आणि काळ्या कातळाच्या फटींतून मुरून विंधणविहिरीनें वर आलेलें पाणी निराळें; ह्या दुसऱ्यांत चुना व मॅग्नेशियम अधिक विरघळलेलें असतें. नळाचें पाणी अपुरें पडलें म्हणून विंधणविहिरीचें पाणी टाकींत मिसळणाऱ्या घरांतला गीझर लवकर कुरकुरतो. परीक्षा सोपी आहे: रोज पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या तळाशीं पांढरी खपली धरते कीं नाहीं तें पाहावें. धरत असेल तर माहितगार मेकॅनिककडून नळी सौम्य आम्लानें धुवून घ्यावी. ठोकून खपली पाडण्याचा पराक्रम कोणीं करूं नये.

नळ सोडतांच ‘कट् कट्’ होत राहणें हें बहुधा बॅटरी उतरल्याचें किंवा पाण्याचा जोर कमी असल्याचें लक्षण. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ज्योत पेटतांना ‘भप्प’ असा दणका बसला, तर तें यंत्र त्याच क्षणीं बंद करावें. ठिणगी उशिरां पडते, तोंवर गॅस सांठतो आणि एकदम भडकतो. तसेंच नळाच्या गॅससाठीं बनविलेलें यंत्र सिलिंडरास जोडलें तर ज्योत घोंघावते, पिवळी पडते आणि काजळी धरते. पुष्कळ घरांत बिऱ्हाड बदलतांना जुना गीझर बरोबर नेतात आणि त्याचें छिद्र नव्या गॅसाजोगें आहे कीं नाहीं हें विचारीतही नाहींत!

येथवर कानांचें काम झालें. खरा घातक पदार्थ आवाजही करीत नाहीं आणि त्याला वासही नाहीं. अपुऱ्या हवेंत गॅस जळला कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. लंडनच्या बेंजामिन मॉन यानें १८६८ सालीं काढलेल्या पहिल्या ‘गीझर’ला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती, आइसलंडच्या उष्ण झऱ्यावरून घेतलेलें नांव टिकलें, आणि दुर्दैवानें तो दोषही आमच्या बंद स्नानघरांत टिकला आहे. एकामागून एक स्नानें होत जातात तसतशी आंतली हवा बिघडत जाते, आणि सर्वांत वाईट हवा शेवटीं स्नानाला जाणाराच्या वांट्यास येते. बहुतेक घरांत ती व्यक्ति कोण असते, हें सासूबाईंनीं आणि त्यांच्या चिरंजीवांनीं आठवून पाहावें. ‘न्हाणीघरांत तिला नेहमींच चक्कर येते’ असें म्हणून अशक्तपणाचें औषध आणण्याआधीं गीझर कोठें टांगला आहे तें पाहावें. त्याची जागा स्नानघराबाहेर, उघड्या हवेंत. तो तेथें हलेपर्यंत दार उघडें ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळूं द्यावी आणि मग आंत जावें.

कोणी आंत बेशुद्ध पडलेंच, तर दार फोडून माणसाला प्रथम मोकळ्या हवेंत आणावें, तांतडीनें रुग्णालयांत न्यावें आणि गीझर चालू होता हें डॉक्टरांना आवर्जून सांगावें. बोटाला लावून प्राणवायु मोजणारें साधें यंत्र ह्या विषापुढें फसतें व आंकडा चांगला दाखवितें. खरी स्थिति रक्ताच्या तपासणींतच कळते.