दृष्टिभेद कीं यंत्रभेद?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका यंत्रावरून दोन पक्ष पडले. डोळ्यांवर पेटीसारखा बांधला असतां समोर नसलेलें स्थळ चहूंकडे दाखविणारा हा जो व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट, तो घ्यावा कीं नाहीं, आणि घ्यावा तर कोणता, हा वादाचा विषय. निमित्त आमच्या वडील भगिनी आक्का यांचें. गुडघे गेल्यामुळें त्यांची काशीयात्रा राहिली. घाट निदान असे तरी दिसावे, ही नातवाची कल्पना. ओळखीच्या गृहस्थांकडून दोन यंत्रें चार दिवसांच्या बोलीनें आणविलीं.

चिरंजीवांनीं स्वस्त यंत्र लावलें आणि ‘आरशासारखें स्वच्छ!’ म्हणून निकाल दिला. सूनबाईंस त्याच यंत्रांत सारें धूसर दिसलें, आणि पांच मिनिटांत मळमळूं लागलें. महाग यंत्राविषयीं नेमकें उलट: सूनबाईंस तें पसंत, चिरंजीवांची मान दुखली. अशा विरुद्ध साक्षी ऐकल्या म्हणजे एक तरी खोटी ठरवावी असें वाटतें. काविळीच्या रोग्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हें न्यायशास्त्रांतलें उदाहरण आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां दिलें. तेंच येथें लावून सूनबाईंच्या नाजूकपणावर खापर फोडलें. तें आमचें चुकलें.

खरा प्रकार पट्टीनें उघडकीस आणला. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर चिरंजीवांचें ६८ मिलिमीटर भरलें, सूनबाईंचें ५९. भिंगें चिरंजीवांच्या मापावर सरकविलेलीं, तशींच सूनबाईंच्या डोळ्यांवर चढविलीं होतीं! दोन डोळ्यांस किंचित् निरनिराळीं चित्रें दाखविलीं कीं मन त्यांतून खोली निर्माण करतें, हें व्हीटस्टन यांनीं १८३८ सालींच दाखवून दिलें. परंतु प्रत्येक डोळा आपल्या भिंगाच्या मध्यासमोर नसेल तर चित्र बिघडावयाचेंच. भिंगें जवळ घेतांच धूसरपणा गेला. मळमळ मात्र नावेचें दृश्य पाहतांना पुन्हां आली, कारण डोळे ‘चाललों’ म्हणतात आणि कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय ‘बसलों आहों’ म्हणतें. स्थिर दृश्यांत ती नव्हती.

हें ध्यानांत ठेवून बाजारांतलीं यंत्रें पाहावीं. मेटा कंपनीचें क्वेस्ट ३ (२०२३) आणि क्वेस्ट ३एस (२०२४) यांचें वजन जवळजवळ सारखें, सुमारें ५१५ ग्रॅम. परंतु ३एसमध्यें भिंगांस ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा. क्वेस्ट ३ मध्यें चाक फिरवून ५८ पासून ७१ पर्यंत कोठेंही. शिवाय ३एसचीं भिंगें फ्रेनेल जातीचीं, म्हणजे दीपगृहांतल्याप्रमाणें वर्तुळाकार खांचांचीं. मध्यभाग स्वच्छ, कडा अंधुक. ज्याचें माप ६३ तो स्वस्त यंत्राची स्तुति करील, ६६ वाला कुरकुरेल, दोघेही खरे. ॲपलचें व्हिजन प्रो २०२४ सालीं ३,४९९ डॉलरांस निघालें. तें भिंगें आपोआप जुळवितें. पण वजन ६०० ग्रॅमांहून अधिक, बॅटरी निराळी, आणि आंत चष्मा चालत नाहीं, नंबराचीं भिंगें वेगळीं घ्यावीं लागतात. श्रीमंतांची मान अधिक बळकट असते, असें कोठें वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

म्हणून कोणी मत देऊं लागला कीं आम्ही आतां प्रथम त्याचें माप विचारतों, मग चष्मा, मग त्यानें काय पाहिलें आणि किती वेळ.

आक्कांच्या बाबतींत आणखी एक घोटाळा झाला. पडदा डोळ्यांपासून दोनचार बोटांवर, म्हणून आम्हीं त्यांस वाचण्याचा चष्मा लावावयास सांगितलें. त्यांस धड कांहींच दिसेना. भिंगांमुळें चित्र एक-दोन मीटरांवर असल्यासारखें भासतें. तेथें लांबचाच चष्मा हवा. तो चढवून, हातांच्या खुर्चींत बसवून, घाटाचें स्थिर दृश्य लावलें. सात मिनिटें त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग ‘कपाळावर ओझें होतें रे,’ म्हणून यंत्र काढावयास लावलें, आणि चहा झाल्यावर पलीकडचा घाट पाहावयाचा राहिला म्हणून पुन्हां मागितलें. पट्टा निराळा लावून पाहूं, असें म्हणून नातवानें यंत्र आणखी दोन दिवस ठेवून घेतलें आहे.