फाईल उघडण्याआधी तिचं शेपूट बघा

मैत्रिणींनो, गटाच्या व्हॉट्सॲपवर रोज काही ना काही येतं. बैठकीचा फोटो, कर्जाचा अर्ज, प्रशिक्षणाची यादी. त्यातच कधी ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘गाडीचं चलन’ अशा नावाची फाईल येते. पाठवणारा नंबर ओळखीचा असतो, म्हणून आपण लगेच बोट लावतो. पण नाव पत्रिकेचं असलं तरी आत पत्रिकाच असेल असं नाही.

शेपूट म्हणजे काय?
फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर तीन-चार इंग्रजी अक्षरं असतात. फाईल कसली आहे ते त्यावरून कळतं.

- जेपीजी : फोटो
- पीडीएफ : कागद, अर्ज, यादी
- एक्सएलएसएक्स : हिशोबाचा तक्ता
- एपीके : मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल

नावात ‘पीडीएफ’ असून शेवटी ए-पी-के ही अक्षरं असली, तर ती एपीकेच समजा. शेवटचंच शेपूट खरं.

धोका कुठे आहे?
पत्रिका किंवा यादी बघायला नवीन ॲप कशाला लागेल? एपीके नुसती आली म्हणून ॲप बसत नाही. आपण ‘इन्स्टॉल’ दाबतो, मेसेज वाचायची परवानगी देतो, तिथे घात होतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसू शकतो. आपल्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाईल पुढे इतरांनाही जाऊ शकते. म्हणूनच ती ओळखीच्या नंबरवरून येते. ज्या ताईचा नंबर गटाच्या खात्याला जोडलेला आहे, तिची एक चूक सगळ्या गटाच्या बचतीला भोवू शकते.

मग काय करायचं?
१. आधी शेपूट वाचा. एपीके असेल तर उघडू नका, पुढे पाठवू नका.
२. शेपूट ओळखीचं नसेल किंवा दिसतच नसेल, तर पाठवणारीला फोन करा. “ताई, हे तुम्हीच पाठवलं का? फोटो किंवा पीडीएफ करून पाठवा,” असं सांगा. यात संकोच कसला?
३. फाईल उघडत नाही म्हणून कुठलंही नवीन ॲप घेऊ नका.
४. ॲप हवंच असेल तर प्ले स्टोअरमधूनच घ्या.

चुकून बसलं तर?
घाबरू नका, लपवूही नका. लगेच मोबाईलचा डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आलेले मेसेज पुरावा म्हणून ठेवा. मग जाणकाराकडून ते ॲप काढून घ्या आणि पासवर्ड व पिन बदला.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या फोनमधली एक फाईल काढून तिचं शेपूट मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.